हातातला गियर

गियरची गाडी घ्यावी की ऑटोमॅटिक? हल्ली हा प्रश्न चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत कुठेही निघतो. घरच्या साध्या गाडीपुरतं त्याचं उत्तर सोपं झालंय. पुण्यात हडपसरला संध्याकाळी अर्धा तास अडकलेल्या कुणालाही विचारा, डावा पाय चोळत तो उत्तर देईल. पण प्रश्न स्पोर्ट्स कारचा असला की गणित बदलतं. जी गाडी मुळात कामासाठी नाहीच, चालवण्याच्या आनंदासाठी आहे, तिच्यात चालवण्याचं काम कुणी करायचं? माणसाने की यंत्राने?

डाळजच्या माणसाला हा प्रश्न पडावा याचं काहींना हसू येईल. पण आमचं गाव पुणे-सोलापूर हमरस्त्यावर आहे. भिगवण सोडून इंदापूरकडे निघालं की एका अंगाला उजनीचं पाणी आणि दुसऱ्या अंगाला ऊस, त्या पट्ट्यात डाळज नंबर एक, दोन, तीन अशी ओळीने गावं लागतात. आम्ही पोरं या रस्त्याकडे बघतच मोठी झालो. डोळे मिटून नुसत्या आवाजावरून गाडी ओळखायची, आणि ड्रायव्हरने कुठे गियर बदलला ते सांगायचं, हा आमचा खेळ होता. रस्ता चौपदरी झाल्यापासून पुण्याकडच्या हौशी मंडळींच्या बुटक्या, रुंद गाड्याही कधीमधी जातात. त्यांचा आवाज वेगळा. गियर बदलताना मध्ये जी एक पोकळी ऐकू यायची, ती बहुतेक गाड्यांत येतच नाही. ती पोकळी कुठे गेली, याचा इतिहास बराच मजेदार आहे.

मुळात गियर लागतो कशाला? पेट्रोल-डिझेलच्या इंजिनाला हळू फिरून जोर लावता येत नाही. ठरावीक फेऱ्यांच्या टप्प्यातच त्याची ताकद असते. बैल उभ्याउभ्या गाडीला खांदा देऊ शकतो, इंजिन देऊ शकत नाही. म्हणून इंजिन आणि चाक यांच्यामध्ये लहानमोठ्या दातेरी चाकांची उतरंड घालावी लागते. १८९० च्या दशकात फ्रान्समध्ये पानार-लव्हासोर कंपनीच्या एमिल लव्हासोरने सरकती दातेरी चाकं वापरून जो गियरबॉक्स रूढ केला, तोच हाती गियरचा मूळपुरुष. प्रकार रांगडा आहे, पण चालतो, असं खुद्द लव्हासोरच त्याच्याबद्दल म्हणाल्याचं सांगतात. फिरतं एक चाक फिरत्या दुसऱ्या चाकात घुसवायचं. दोघांचा वेग जुळला नाही तर करकर आवाज येणार आणि दात झिजणार.

हा वेग जुळवण्यासाठी डबल क्लच आला. क्लच दाबा, न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, रेस द्या, पुन्हा क्लच दाबा आणि मग खालचा गियर टाका. एका गियरसाठी एवढा सोहळा! १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणला. वेग जुळवायचं काम गियरबॉक्समधली एक कडी करू लागली आणि हा सोहळा संपला. पुढे १९४० च्या मॉडेलपासून ओल्ड्समोबिलमध्ये हायड्रामॅटिक आला आणि क्लचचं पेडलच गेलं. म्हणजे बघा, जगात ऑटोमॅटिक मोटार बाजारात मिळू लागली तेव्हा आपल्याकडे इंग्रजांचं राज्य होतं. मग आपल्याला ती दिसायला एवढी वर्षं का लागली?

कारण साधं आहे. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाचा जोर तेलाच्या माध्यमातून पुढे जाई. त्यात थोडी ताकद वाया जायची, इंधन जास्त लागायचं आणि गाडी महाग व्हायची. अमेरिकेत पेट्रोल स्वस्त आणि इंजिनं थोराड, त्यांना ते परवडलं. आपल्याकडे अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी. पद्मिनीचा गियर स्टिअरिंगच्या दांड्यालाच असे, तो टाकायला हाताला वेगळी सवय लागायची. अशा देशात गियर म्हणजे आवडनिवड नव्हती. ज्याला गाडी चालवायची त्याला गियर आलाच पाहिजे.

आमचे आबा ट्रकवर ड्रायव्हर होते. कारखान्यावरून साखर भरायची आणि मुंबईला टाकायची. एक्स्प्रेस-वे व्हायच्या आधीचा काळ. खंडाळ्याचा घाट जुन्याच रस्त्याने उतरायचा. त्यांचा नियम एकच होता. ज्या गियरमध्ये घाट चढतो, त्याच गियरमध्ये उतरायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडणाऱ्यांना ते शिव्या घालायचे. भरलेला ट्रक उतारावर नुसत्या ब्रेकवर धरला की ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. अशा वेळी गियरमधलं इंजिनच गाडीला मागे खेचून धरतं. त्यात त्या जुन्या ट्रकला डबल क्लच लागायचा. उतारावर एकदा गियर निसटला आणि परत पडला नाही, तर पुढचं सांगायला नको. तेव्हा आबांसाठी गियर ही जिवाची गोष्ट होती. त्यांच्या डाव्या तळहाताला घट्टा होता आणि डावा गुडघा पंचावन्नाव्या वर्षीच गेला. हे मुद्दाम सांगून ठेवतो, पुढे लागणार आहे.

आता स्पोर्ट्स कारकडे वळतो. १९८० च्या दशकापर्यंत ‘स्पोर्ट्स कार म्हणजे हाती गियर’ या समीकरणामागे नुसता अभिमान नव्हता, पक्का हिशोब होता. ऑटोमॅटिक खरोखरच मंद होती. चांगला ड्रायव्हर तिच्यापेक्षा वेगाने गियर बदलायचा आणि पुढच्या वळणाला कोणता गियर लागेल हे तिच्या आधी ओळखायचा. हाताने यंत्राला सरळसरळ हरवलं होतं.

हा हिशोब उलटला तो १९८९ साली. ब्राझीलची ग्रांप्री, फॉर्म्युला वनच्या त्या मोसमातली पहिलीच शर्यत. फेरारीच्या ताफ्यात जॉन बार्नार्ड नावाच्या इंग्रज अभियंत्याने बनवलेली ६४० ही गाडी होती. तिच्यात गियरचा दांडा नव्हता. स्टिअरिंगच्या मागे दोन पट्ट्या, एक ओढली की वरचा गियर, दुसरी ओढली की खालचा. क्लच आणि गियर हलवण्याचं काम विजेच्या इशाऱ्यावर तेलाचा दाब करायचा. सरावात ही गाडी इतकी बंद पडत होती की ती शर्यत पुरी करेल यावर कुणाचा विश्वास नव्हता. नायजेल मॅन्सेल त्याच गाडीत बसला आणि शर्यत जिंकला. पुढच्या काही वर्षांत फॉर्म्युला वनमधून गियरचा दांडा हद्दपार झाला. १९९७ मध्ये फेरारीने हीच युक्ती रस्त्यावरच्या एफ३५५ मध्ये आणली.

याच काळात दुसरी एक वाटही तयार होत होती. पोर्शाने १९८० च्या दशकात आपल्या शर्यतीच्या गाड्यांत दोन क्लचचा गियरबॉक्स वापरून पाहिला. एका क्लचवर एक-तीन-पाच, दुसऱ्यावर दोन-चार-सहा. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच टाकून तयार असतो. फक्त एक क्लच सुटतो आणि दुसरा धरतो. मघाशी म्हटली ती गियरमधली पोकळी इथे नाहीशी झाली. २००३ मध्ये फोक्सवॅगनने तो गोल्फ आर३२ या गाडीतून सर्वसामान्य बाजारात आणला. आता कितीही पट्टीचा ड्रायव्हर असला तरी या यंत्राइतक्या वेगाने त्याला गियर बदलता येत नाही. वाद मिटला म्हणायचा!

पण तो मिटला नाही. का नाही मिटला, ते समजायला आपल्याच मुलखातल्या गाड्या पाहाव्या लागतात.

आपल्या आसपास स्पोर्ट्स कार बनवण्याचे तीन प्रयत्न मला महत्त्वाचे वाटतात. पहिला गोव्याचा. १९९८ साली सॅन मोटर्सने सॅन स्टॉर्म ही दोन माणसांची छोटी गाडी आणली. फायबरची बॉडी, रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन, ताकद साठेक अश्वशक्ती आणि पाच गियरचा हाती गियरबॉक्स. साठ अश्वशक्तीची कसली आलीय स्पोर्ट्स कार, असं आज कुणीही म्हणेल. पण गाडी हलकी होती आणि १९९८ च्या भारतात उघड्या टपाची दोन सीटांची गाडी विकत मिळणं हीच मोठी गोष्ट होती. तिच्यात ऑटोमॅटिक का नव्हती, असा प्रश्न तेव्हा कुणाच्या डोक्यातही आला नसणार. एवढ्याशा इंजिनाची निम्मी हौस त्या काळच्या ऑटोमॅटिकनेच खाऊन टाकली असती.

दुसरा प्रयत्न दिलीप छाब्रियांच्या डीसी डिझाइनचा. जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत त्यांनी अवंती दाखवली. इंजिन सीटच्या मागे, दोन लिटरचं टर्बो, रेनोचंच, अडीचशे अश्वशक्तीचं. आणि सोबत सहा गियरचा हाती गियरबॉक्स. छोट्या कंपनीला स्वतःचा गियरबॉक्स बनवणं परवडत नाही. त्यासाठी लागणारा पैसा मोठ्या कंपन्यांनाही जड जातो. मग दुसऱ्याच्या गाडीसाठी तयार झालेलं इंजिन आणि गियरबॉक्स घ्यायचा आणि आपल्या गाडीत बसवायचा. आपण म्हणतो कंपनीने हाती गियर ‘निवडला’. पण छोट्या कारखानदाराची निवड बऱ्याचदा मंडईतल्या संध्याकाळच्या गिऱ्हाइकासारखी असते. जे उरलंय, जे परवडतंय, ते घ्यायचं.

तिसरा प्रयत्न मला सगळ्यांत बोलका वाटतो. मार्च २०१७ मध्ये जिनीव्हाच्या प्रदर्शनात टाटा मोटर्सने टॅमो रेसमो दाखवली. दोन सीट, मागे इंजिन, १.२ लिटरचं टर्बो, १९० अश्वशक्ती. आणि गियरबॉक्स? सहा गियरचा एएमटी. एएमटी म्हणजे गियरबॉक्स साधा हातीच, फक्त क्लच दाबायला आणि गियर हलवायला माणसाऐवजी यंत्र. हा एएमटी आपल्या बाजारात रुळला तो २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओमुळे. स्वस्तातली ऑटोमॅटिक म्हणून लोकांनी तिच्यावर उड्या टाकल्या. तो एएमटी बनवणारी कंपनी मॅग्नेटी मारेली, आणि फेरारीच्या पट्टीच्या गियरमागे हीच कंपनी होती. म्हणजे शर्यतीत जन्मलेली युक्ती फेरारीतून उतरत उतरत सेलेरिओत आली, आणि पुन्हा उलटी चढून एका भारतीय स्पोर्ट्स कारमध्ये जाऊन बसली. एवढा लांबचा प्रवास क्वचितच कुठल्या सुट्या भागाने केला असेल!

रेसमो कधी विक्रीला आली नाही. २०१८ च्या ऑटो एक्स्पोत तिचं विजेवर चालणारं रूपही दाखवलं गेलं, आणि तिथेच गोष्ट थांबली. विजेच्या मोटरला गियर बदलावेच लागत नाहीत. ती बैलासारखी उभ्याउभ्या जोर लावते. म्हणजे वीस वर्षांत आपण हाती गियर, मग यंत्राच्या हातचा गियर, आणि शेवटी गियरच नाही, इथवर येऊन पोचलो.

एवढंच असतं तर ही नेहमीची गोष्ट झाली असती. जुनं गेलं, नवं आलं. पण पुढे काय झालं पाहा. त्याच टाटांनी २०१८ मध्ये टियागो जेटीपी आणली, हाती गियरची. २०२४ मध्ये अल्ट्रोझ रेसर आणली, तिलाही सहा गियरचा हातीच गियरबॉक्स. रोजच्या साध्या अल्ट्रोझमध्ये ऑटोमॅटिक मिळत होती, पण नावातच ‘रेसर’ असलेल्या गाडीत नाही. चाकणमध्ये बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसचं तर त्याहून गमतीचं. २०२२ मध्ये तिचं ताकदवान दीड लिटरचं इंजिन फक्त दोन क्लचच्या ऑटोमॅटिकसह आलं. हौशी लोक नाराज झाले, आणि २०२३ मध्ये कंपनीने त्याच इंजिनाला हाती गियरही दिला. उलटा प्रवासही आहे. स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २००४ मध्ये आपल्याकडे हाती गियरची होती. २०१७ ची आरएस फक्त ऑटोमॅटिक, आणि २०२५ मध्ये आलेलीही ऑटोमॅटिकच. एक दार उघडतं, दुसरं बंद होतं.

आणि सगळ्यांत जवळचं उदाहरण तर आमच्या शेजारी बारामतीत आहे. तिथल्या एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आहे. आमच्याकडची कितीतरी पोरं तिथे कामाला लागली. आधी तिथे आपे रिक्षा बनत. २०१२ पासून व्हेस्पा स्कूटर बनू लागली. आता व्हेस्पा म्हटलं की माझ्या वयाच्या माणसाला डाव्या मुठीत पिळायचा गियर आठवतो. आपल्या बजाज चेतकचंही तेच. पण बारामतीची व्हेस्पा बिनगियरची. आणि त्याच कारखान्यातून २०२३ साली अप्रिलिया आरएस ४५७ ही स्पोर्ट्स मोटरसायकल बाहेर पडली. तिला सहा गियर, डाव्या पायाने टाकायचे. एकाच छपराखाली बाजारहाटाच्या गाडीचा गियर गेला आणि हौसेच्या गाडीचा राहिला. या सगळ्या वादाचं सार मला त्या एका कारखान्यात दिसतं.

सांगायचा मुद्दा असा की गियर जिथे गरज होती तिथून तो जातोय, आणि जिथे गरज नाही तिथे टिकतोय. पूर्वी ज्याच्याकडे पैसा कमी त्याला हाती गियर घ्यावा लागे, ऑटोमॅटिक हा श्रीमंतांचा थाट. आता स्पोर्ट्स कारच्या जगात हाती गियर मागून घ्यावा लागतो. पोर्शाने २०१३ मध्ये ९११ जीटी३ मधून हाती गियर काढून टाकला तेव्हा तिच्या भक्तांनी एवढा गिल्ला केला की पुढे कंपनीला तो परत आणावा लागला. ती माणसं मंद गाडी मागत होती, आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं!

हे सगळं माझ्यासाठी नुसतं वाचनापुरतं राहिलं नाही, त्याचं कारण माझा पुतण्या. हिंजवडीला नोकरी, गावाकडे आईवडील, वर्षातून पाचसहा खेपा. चार वर्षं पैसे साठवून त्याने एक वेगवान गाडी घ्यायचं ठरवलं आणि मला फोन केला, “तात्या, गियरची घेऊ का ऑटोमॅटिक?” मी त्याला वरचा सगळा इतिहास ऐकवला. त्याने तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाला, “ते खरंय, पण मला आबांसारखा गियर टाकायचाय.”

आबा शेजारीच बसले होते. फोन स्पीकरवर होता. ते म्हणाले, “बाळा, माझा गुडघा बघितलास का? मला कुणी बिनगियरचा ट्रक दिला असता तर मी त्याची रोज पूजा केली असती.”

फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही.

दोघांचंही खरं आहे. आबांनी तीस वर्षं गियर टाकला, कारण टाकला नाही तर चूल पेटत नव्हती. त्यांचं कसब बघून लोक वाहवा करायचे, पण ते कसब त्यांनी हौसेने मिळवलं नव्हतं, आणि त्याची किंमत त्यांच्या शरीराने मोजली. नातवाला त्यातलं फक्त कसब दिसतं. तो दिवसभर पडद्यासमोर बसतो. आपल्या हाताने काहीतरी नेमकं करावं, चुकलं तर लगेच कळावं आणि जमलं तर अंगातून एक शिरशिरी जावी, असं त्याला वाटतं. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना टाचेने रेस देऊन वेग जुळवायचा आणि गियर लोण्यासारखा पडला की स्वतःशीच हसायचं. लव्हासोरच्या काळात जी कटकट होती, तिचा आता आनंद झालाय.

आमच्या पुणे जिल्ह्याला हे काही नवं नाही. नांगराला आणि मोटेला बैल लागायचे तेव्हा घरोघरी बैल होते. ट्रॅक्टर आला, विजेचे पंप आले, बैल गेले. उसाच्या फडात अजून बैलगाडी दिसते, पण एरवी दावण ओस पडली. तरी खिल्लार बैल टिकला तो बऱ्याच अंशी शर्यतीवर. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडा शर्यती बंद झाल्या, २०२१ च्या डिसेंबरात त्यांना परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. घाट पुन्हा भरू लागले. जो बैल शेतात एक दिवस जुंपला जात नाही, त्याला लाखांची बोली लागते. आता कुणी म्हणेल, ट्रॅक्टर जास्त वेगाने पळतो. पळू दे की! घाटावर माणूस वेग बघायला जातो, पण नुसता वेग बघायला जात नाही.

गियरचंही असंच होईल असा माझा अंदाज आहे. कामाच्या गाड्यांतून तो जाईल आणि जायलाच हवा. ट्रकवाल्यांच्या, टॅक्सीवाल्यांच्या, एसटीच्या ड्रायव्हरांच्या गुडघ्यांवर त्याचे उपकार नाहीत. हौसेच्या गाडीत मात्र तो राहील, थोडा महाग होऊन, थोडा मिरवत. फक्त मिरवणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं, की आपण ज्याला कला म्हणतोय ती कुणाची तरी मजुरी होती.

पुतण्याला मी शेवटी दोन्ही गाड्या चालवून बघायला सांगितलं. रविवारी सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर चालवू नकोस, म्हटलं, तिथे गियर कुणालाही आवडतो. सोमवारी संध्याकाळी हडपसरहून चालव. तिथे दोन तास क्लच दाबूनही तुला गियरच हवा वाटला, तर डोळे मिटून घे. नाहीतर यंत्राला त्याचं काम करू दे.

त्याने गियरचीच घेतली. आबांना पहिली चक्कर मारायला बसवलं. आबा डाव्या बाजूला बसले होते, पण भिगवणच्या पुलापर्यंत त्यांचा डावा पाय खाली पट्टीवर आपसूक दाबला जात होता. बरोबर त्याच क्षणी, जेव्हा पोरगं क्लच दाबत होतं.

असो.